हौसाबाईनं नाव सांगितलं

भिवंडीजवळच्या कोन गावातल्या हौसाबाई भोईरनं कुणाला घाबरून जीभ आवरली, असं सांगणारा माणूस गावात शोधून सापडायचा नाही. एसटीच्या कंडक्टरपासून राहनाळच्या गोदामवाल्या शेठपर्यंत ती सगळ्यांशी भांडलेली, आणि खरं बोलायचं तर बहुतेक वेळा जिंकलेली. अशी ही बाई २००४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीपुढे मुकी होऊन उभी राहिली. आतल्या कारकुनानं विचारलं होतं एवढंच, की पेशंटचं नाव काय.

"करिष्माचा आजा," ती बोलली.

"पूर्ण नाव सांगा, बाई."

"कोनचा. करिष्माचा आजा. तो काय बाकावर बसलाय."

मागची रांग चुळबुळायला लागली. त्या दोघांना आपल्या टेंपोतून घेऊन आलेला पुतण्या हितेश शेवटी मागून ओरडला, "केसरीनाथ बाळाराम भोईर! लिवा."

"एवढं सांगायला काय झालं होतं?" कारकून पुटपुटला.

"तुमची बायको घेते काय चारचौघांत तुमचं नाव?"

"घेते की."

"मंग घेऊ दे तिला. माझ्यानं न्हाय होत," हौसाबाई बोलली आणि त्याच्या हातातला कागद ओढून घेतला.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तिला आईनं शिकवलेलं. औषधाचं नाव घ्यायचं नाही हे सासूनं. हौसाबाई झाडपाल्याचं औषध द्यायची. कावीळ, गाठ, लहान पोरांची पोटं, अशा सहा दुखण्यांची सहा झाडं तिला सासूनं दिली होती, तीही ग्रहण लागलेलं असताना, खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं करून. घरात थोरली सून होती, हितेशची आई पुतळाबाई. पण म्हातारीनं थोरलीला सोडून धाकटीला पाण्यात नेलं, आणि ती गोष्ट पुतळाबाईच्या मनात जी बसली ती बसलीच.

सासूच्या अटी सोप्या नव्हत्या. पान उजाडता उजाडता खुडायचं, तेही नखानं. लोखंड लावायचं नाही. खुडताना तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणाकडून पैसा घ्यायचा नाही. आणि झाडाचं नाव कुणाला सांगायचं नाही, ना नवऱ्याला ना पोराला. सांगायचं ते फक्त एका सुनेला. "नाव बाहेर पडलं का गुण गेला," म्हातारी बोलली होती. "एकाचा न्हाय, सहाच्या सहांचा जाईल." हौसाबाईनं छत्तीस वर्षं हे पाळलं. आषाढात काविळीची पोरं घेऊन आया दारात बसायच्या. भिवंडीहून यायच्या, पडघ्याहून यायच्या, कोकणी मुसलमानांच्या बाया रिक्षा करून यायच्या. ती पाट्यावर वाटलेला पाला दह्याच्या वाटीतून पाजायची. काय पाजलं हे कुणी विचारायचं नाही, आणि विचारलंच तर हौसाबाई त्याला उठवून लावायची.

केसरीनाथ राहनाळच्या गोदामात हमालांचा मुकादम. माणूस थट्टेखोर, आवाज असा की तीन गाळ्यांपलीकडचा हमाल ऐकेल, आणि कानावर कायम एक बिडी. तो खोकायला लागला तेव्हा बिडीचा खोकला म्हणून सगळ्यांनी सोडून दिला. मग एका डॉक्टरनं थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या चालू केल्या. सहा महिने त्या खाल्ल्या. माणूस वाळत गेला, आवाज घोगरा झाला. रुमालात रक्त पडत होतं ते त्यानं चार महिने लपवलं. रुमाल स्वतः धुवायचा. छत्तीस वर्षांत ज्यानं स्वतःची चड्डी धुतली नाही तो रुमाल का धुतो, हा प्रश्न हौसाबाईला पडला, आणि तिनं मोरीत जाऊन त्याचा हात धरला. दुसऱ्या दिवशी हितेशचा टेंपो दारात होता.

मुंबईच्या डॉक्टरांनी सुई घालून तुकडा काढला आणि सांगितलं, उजव्या फुप्फुसाचा कॅन्सर, कापण्यापलीकडे गेलेला. ड्रिपमधून औषध द्यायचं. बरा होईल असं नाही, पण आवरता येईल. कोनमध्ये कुणी 'कॅन्सर' म्हटलं नाही. 'मोठा आजार' म्हणायचे, तेही दार ओढून घेऊन. पुतळाबाईनं मात्र ओटीवर येऊन ऐकवलं, "दुनियेच्या गाठी बसवतेस, आणि घरच्या माणसाला मुंबईला नेतेस? सासूनं देलेलं कुठं गेलं?"

हे हौसाबाईला लागलं. फार लागलं. वरून ती फाडकन बोलली, "तुझ्या पोटात कशाला दुखतंय?" पण आतून ती विचार करत होती की खरंच, गाठीचं पान माझ्याकडे आहे आणि मी ते माझ्या माणसाला देत नाही. मुंबईचं औषध सोडायची तिची तयारी नव्हती. ती काही खुळी नव्हती. तिनं ठरवलं, दोन्ही द्यायची. एका बाजूनं त्यांची ड्रिप, दुसऱ्या बाजूनं आपलं पान. डॉक्टरला सांगायचा प्रश्नच नव्हता. सांगायचं म्हणजे नाव आलं, आणि नाव आलं की सगळंच गेलं.

दर तीन आठवड्यांनी ड्रिप, अशा दोन फेऱ्या झाल्या. आणि रोज उपाशीपोटी सात पानांचा रस. केसरीनाथ तोंड वाकडं करून प्यायचा. "हौसे, मुंबईची बाटली बरी, ती निदान जिभेला लागत तरी न्हाय," असं म्हणायचा आणि वाटी चाटूनपुसून रिकामी करायचा. पहिल्या फेरीनंतर खोकला थोडा उतरला. हौसाबाईला वाटलं, आपलं पान लागलं. डॉक्टरांना वाटलं, आपली ड्रिप लागली. दोघंही आपापल्या जागी खूष होते.

दुसऱ्या फेरीनंतर, चैत्राच्या उन्हात, केसरीनाथ पडला. अंग तव्यासारखं तापलेलं, तोंडभर फोड, पाणी गिळवेना. बोटांना मुंग्या येत होत्या, शर्टाचं बटण लावता येईना. हितेशनं टेंपोत गादी टाकली आणि त्याला वॉर्डात आणून पोचवला. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी, ज्या चार हजारांच्या वर पाहिजेत, त्या सहाशेवर आलेल्या. अंगात रोगाशी लढायला कुणी उरलंच नव्हतं म्हणा ना.

आणि तिथं हौसाबाईच्या पिशवीतली बाटली सापडली. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, आत हिरवा रस. तापातही ती पाजायला घेऊन आली होती! मोठ्या डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि सगळ्या वॉर्डासमोर आवाज चढवला, "काय आहे हे? आम्ही इथे जीव तोडतोय आणि तुम्ही गावठी विष पाजताय नवऱ्याला?"

हौसाबाईचं डोकंच फिरलं. "विष कोणाला बोलता? तुमच्या औषधानं केस गेले, तोंडात फोड आयले, हाताला बटण लागत न्हाय. ते अमृत, आणि माझा पाला विष? छत्तीस वर्सं पोरांना पाजलंय मी. एक मेलेला दाखवा!"

"नाव सांगा झाडाचं."

"न्हाय सांगत."

"मग घरी घेऊन जा पेशंटला."

"न्हाय नेत! बघते कोण बाहेर काढतो ते."

मोठे डॉक्टर बाटली टेबलावर आपटून निघून गेले. हौसाबाई खाटेशेजारच्या स्टुलावर मांडी ठोकून बसली. खाटेवर केसरीनाथ डोळे मिटून कण्हत होता. दोन वाजत आले होते.

तेवढ्यात पांढऱ्या कोटातली एक पोरगी आली, स्टूल ओढून समोर बसली आणि म्हणाली, "हौसामावशी, ओळखलं का?"

"न्हाय."

"मी मेहरीन. हबीबाची नात, भिवंडीची. दुसरीत होते तेव्हा मला कावीळ झालेली, नानी तुमच्याकडे घेऊन आली होती. दह्यातून पाजलंत. मी थुंकले तर तुम्ही माझ्या थोबाडीत मारली होती."

हौसाबाईनं तिला निरखून बघितलं. हबीबा तिला चांगली आठवत होती. औषध घेऊन गेली की ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवायची, आणि तो घ्यावा की नाही यावर हौसाबाईनं दोन दिवस विचार करून, खाणं म्हणजे पैसा नव्हे असं ठरवून तो खाल्ला होता. ती मघासपेक्षा खालच्या आवाजात बोलली, "थुंकलीस तर मारणारच."

"मावशी, मला तुमची रीत माहीत आहे. नानी सांगायची, नाव विचारायचं नाही. पण मी आज विचारतेय. पेशी का पडल्या ते मला कळायला हवं. आमच्या औषधानं पडतात, पण एवढ्या नाही. झाड कुठलं ते कळलं तर पुढचं औषध किती द्यायचं, की द्यायचंच नाही, ते ठरवता येईल. नाही कळलं तर मी अंधारात ड्रिप लावायची. मी नाही लावणार."

"आणि न्हाय लावलीस तर?"

"तर तो कॅन्सर थांबणार नाही," मेहरीन सरळ म्हणाली.

हौसाबाईला रडू फुटायला लागलं तसं तिनं ते रागानं गिळलं. तिच्यापुढं एका बाजूला हा माणूस होता, दुसऱ्या बाजूला सहा झाडं आणि आषाढात दारात बसणाऱ्या सगळ्या आया. तिचा त्या गोष्टीवर विश्वास होता. खोटं कशाला बोला, पुरा विश्वास होता. नाव घेतलं तर पुढच्या पावसाळ्यात काविळीचं पोर आपल्या हातात मरेल, असं तिला खरंच वाटत होतं.

"तुझ्या त्या बाटलीत काय हाय?" तिनं एकदम विचारलं. "मना विचारता. तुमचं पण सांगा की."

मेहरीननं ट्रेमधलं रिकामं खोकं आणलं. "हे बघा, नाव वरच छापलंय. व्हिनोरेल्बिन. हे झाडापासूनच बनवतात, मावशी. कॅन्सरची कितीतरी औषधं झाडांतूनच आली. एक हिमालयातल्या झाडाच्या सालीतून येतं. एक आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यापासून."

"नरक्या? त्याचा तो घाणेरडा वास तरी घेतलायस काय कधी?"

"नाही घेतला," मेहरीन हसली. "आणि काकांना दिलं ते सदाफुलीपासून."

हौसाबाईनं खोकं हातात घेऊन उलटंपालटं केलं. जे नाव सासूनं खाडीच्या पाण्यात तिच्या कानात सांगितलं, जे तिनं नवऱ्यापासून लपवलं, स्वतःच्या पोरापासून लपवलं, ते ही थोबाडीत खाल्लेली पोरगी भर दुपारी पंखा लावलेल्या वॉर्डात बोलून मोकळी झाली होती.

"नाव छापलंय," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांना माहीत हाय?"

"जगभर. कॉलेजात शिकवतात."

"आणि तरी गुण जात न्हाय?"

"नाही जात. पण मावशी, त्याचं माप आहे. पाल्यातून हवं ते वेगळं काढायचं, त्यात आणखी फेरफार करायचा, मग मोजून, माणसाचं वजन-उंची बघून द्यायचं. मोजलं नाही तर मारतं ते."

"पान उन्हाळ्यात कडू होतं," हौसाबाई म्हणाली. आता ती मेहरीनशी नव्हे, स्वतःशीच बोलत होती. "पावसाळ्यात फिक्कं. चैत्रात जिभेला लावलं तरी जीभ बधिर होते. सासू बोललेली, चैत्रात हात आखडता घे. मी न्हाय घेतला. माझा माणूस म्हणून न्हाय घेतला. सातची सात देली."

हौसाबाई स्टुलावरून उठली, कंबरेला पदर खोचला आणि बाकी वॉर्डाची पर्वा न करता, तिच्या त्या नळावरच्या आवाजात म्हणाली, "सदाफुली! लिव. पांढऱ्या फुलाची. रोज सात पानं, दोन महिने, उपाशीपोटी. मी माझ्या हातानं देली, आणि चैत्रात पण देली. तुझ्या त्या मोठ्या डॉक्टरला पण जाऊन सांग, हौसाबाईनं नाव सांगितलं!"

शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. आणि तापलेल्या केसरीनाथनं एक डोळा उघडला.

"म्हणजे मोरीजवळची?" तो फोडांच्या तोंडानं अडखळत बोलला. "जिच्यावर मी रोज चूळ टाकतो ती?"

"तीच."

"अगं बये! मना स्वतःचीच चूळ पाजत व्हतीस?"

हौसाबाई रडता रडता हसली, आणि मग नुसतीच रडली. मेहरीन कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे पळाली.

सगळा दोष पानांचा होता की ड्रिपचा की दोघांचा, हे कुणीच छातीठोकपणे सांगितलं नाही. मेहरीननंही नाही. पण रस बंद झाला, तापावरची औषधं चालू झाली, आणि अकराव्या दिवशी पेशी वर आल्या. पुढची ड्रिप कमी मापानं लावली. त्या दिवशी हौसाबाईनं नर्सला थांबवून खोक्यावरचं नाव मोठ्यानं वाचून घेतलं, आणि मग म्हणाली, "आता लाव."

केसरीनाथ चौदा महिने जगला. गणपतीत आरतीला टाळ घेऊन उभा राहिला, होळीला गावाच्या मधोमध दोन गाणी म्हणाला, तिसऱ्याला दम लागला म्हणून खाली बसला आणि बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. सुका जवळा खायचा, करिष्माला सायकल शिकवताना मागून ओरडायचा. बिडी सुटली, कानावर मात्र ती रिकामी जागा तो अधूनमधून चाचपायचा. मग ते औषध लागेनासं झालं, दुसरंही लागलं नाही, आणि २००५ च्या ज्येष्ठात तो आपल्याच घरात, हौसाबाईच्या मांडीवर गेला.

बाराव्याला भावकी जमली. जेवणं झाली, बाया आत बसल्या, पुरुष ओटीवर. पुतळाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजली, "नाव बोलली ना मुंबईला. सासूचा गुण घालवला. म्हणून गेला माझा दीर."

चार बाया माना हलवायला लागल्या. विधवेनं त्या दिवशी कोपऱ्यात तोंड खाली घालून बसायचं असतं. हौसाबाई उठली आणि दारात येऊन उभी राहिली, तिथून आतल्यांना पण दिसेल आणि ओटीवरच्यांना पण.

"केसरीनाथ!" ती ओरडली. "केसरीनाथ बाळाराम भोईर. माझा नवरा. घेतलं मी त्याचं नाव, घ्या काय करायचं ते करून! मी झाडाचं नाव लपवलं तवा तो चार दिवसांत जाणार व्हता. सांगितलं तवा चौदा महिने जगला. होळीला त्याची गाणी तुमीच ऐकलीत ना? का कान घरी ठेवून आयला व्हतात? आणि कशानं गेला ते पण ऐका. कॅन्सरनं. फुप्फुसाच्या कॅन्सरनं, बिडी ओढून ओढून झालेल्या. मोठा आजार मोठा आजार काय करता? त्याला नाव हाय. त्यानं रक्त पडलेलं चार महिने लपवलं. ते लपवलं म्हणून गेला माझा माणूस, मी बोलली म्हणून न्हाय!"

"हौसा, गप बस," थोरला दीर रामनाथ ओटीवरून म्हणाला.

"न्हाय बसत. भाऊजी, तुमी पण ऐका." आणि तिनं सहाच्या सहा झाडांची नावं घेतली, एकेक करून, बोटं मोजत. सदाफुलीपाशी थांबून म्हणाली, "नाव सांगितलं म्हणजे ओरबाडून खा असं न्हाय. खाल्लंत तर मराल. मी रोज सात पानं पाजून बघितलंय."

पुतळाबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते. पण ते जरा सैलच होते, हे हौसाबाईनं बघितलं.

त्या आषाढात हौसाबाईच्या दारात फार कुणी आलं नाही. जी आली त्यांना ती आधी विचारायची, रक्त तपासलं काय? नसलं तर कागदावर पत्ता लिहून भिवंडीला पिटाळायची. लोक म्हणायचे, गुण गेला, आता नुसती कटकट राहिली. तिला वाईट वाटायचं. रिकामी ओटी बघून तिला सासूची आठवण यायची आणि सासूचा रागही यायचा. पण ती कुणाच्या दारात समजूत घालायला गेली नाही.

कार्तिकात तिच्या लक्षात आलं की मोरीजवळची पांढरी सदाफुली विरळ होतेय. आधी वाटलं बकरी असेल. मग तिनं वाकून बघितलं तर देठ नखानं खुडलेले, एकही फांदी मोडलेली नाही. बकरीला सासूची रीत कोण शिकवायला गेलंय? दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ती मोरीच्या दाराआड उभी राहिली.

पुतळाबाई आली. अनवाणी, डोक्यावरून पदर घेतलेला. झाडापुढं बसली, हात जोडले आणि नखानं पानं खुडायला लागली. सात झाली तशी हौसाबाई बाहेर आली.

"कोणाला देतेस, बाय?"

पुतळाबाई दचकली, पण बोलली नाही. पान हातात असताना बोलायचं नसतं. ती नुसती बघत राहिली, ओठ घट्ट मिटून.

"भाऊजींना?"

मान हलली. नाही.

"हितेशला?"

पुतळाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी ओठ मिटलेलेच. हितेश. ज्यानं टेंपोत गादी टाकली, खिडकीवर काकाचं नाव सांगितलं, तो हितेश. तिनं पुढं होऊन जावेची मूठ उघडली. सातही पानं मोरीत पडली.

"आता बोल! किती दिवस खोकतोय?"

"दोन महिने," पुतळाबाई फुटली. "हळू बोल गं, शेजारी ऐकतील. रक्त पडलं दोनदा. त्याच्यासाठी मुलगी बघतोय, कुणाला कळलं तर कोण देईल? नऊ दिवस पाजलं. तू सात बोललेलीस ना, मी सातच देली..."

"मी खा बोलली व्हती काय? मराल बोलली व्हती!" हौसाबाई इतक्या जोरात ओरडली की समोरच्या घरातला दिवा लागला. मग तिनं जावेचा दंड धरला. तो हलकासा होता, म्हातारा झालेला. "चल. उठव त्याला. भाऊजींना पण उठव. आता लगेच निघायचं."

नऊच्या सुमारास ते चौघं भिवंडीच्या दवाखान्यात, छातीच्या फोटोच्या रांगेत होते. टेंपो रामनाथनं भाड्याचा ड्रायव्हर घेऊन आणला; हितेशला चालवू द्यायला हौसाबाईनं साफ नाही म्हटलं. हितेश रुमाल तोंडाला लावून भिंतीला टेकला होता. खिडकी आली.

"पेशंटचं पूर्ण नाव?" आतली बाई म्हणाली.

हितेशनं तोंड उघडलं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. तो वाकला. पुतळाबाईनं हौसाबाईकडे बघितलं. हौसाबाईनं मुद्दाम छताकडे नजर लावली.

"तू सांग ना गं," पुतळाबाई कुजबुजली.

"पोर कोणाचं? तुझं. तूच सांग."

"अहो, नाव?" आतून पुन्हा आवाज आला. रांग चुळबुळायला लागली.

पुतळाबाईनं खिडकीचा गज धरला. "हितेश," ती म्हणाली. मग थांबली. मग डोळे मिटून तिनं चाळीस वर्षांत न उच्चारलेला शब्द उच्चारला. "रामनाथ. हितेश रामनाथ भोईर."

मागे उभा असलेला रामनाथ, कुणी हाक मारावी तसा दचकून पुढं आला.

"काय होतंय त्याला?" आतल्या बाईनं विचारलं.

"सर्दी..." पुतळाबाईच्या तोंडून सवयीनं निघालं. हौसाबाईचा हात तिच्या पाठीवर पडला, धक्का द्यायला नव्हे, पण हललाही नाही. पुतळाबाईनं पोराकडे बघितलं, त्याच्या मुठीतल्या रुमालाकडे बघितलं, आणि तिचा आवाज चढला, इतका चढला की रांगेच्या शेवटच्या माणसानंही मान वर केली.

"दोन महिने खोकतोय. रक्त पडलं, दोनदा. आणि मी त्याला नऊ दिवस सदाफुली पाजली, पांढऱ्या फुलाची, रोज सात पानं. सगळं लिवा, बाई. काय पण सोडू नका."